वावरातली लाइन, घरातला पडदा: मोबाइलच्या मॅक्रोमधून पॉप-अप कसा दाखवायचा

आमचं वावर गावापासून अडीच किलोमीटरवर. कृषी वाहिनीची लाइन, म्हणजे शेतीपंपाची वीज, एक आठवडा दिवसपाळीत आणि एक आठवडा रातपाळीत असते, पण ठरल्या मिनिटाला ती येईलच असं नाही. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत बाबा रात्री दोन-दोन खेपा करायचे, त्या फक्त लाइन आली का ते बघायला. थंडीत, टॉर्च घेऊन, धुऱ्यावर रानडुकरं आणि रोही असताना.

स्टार्टरला ऑटो लावून टाका, हा सल्ला सगळेच देतात. पण लाइन येताक्षणी एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, की डीपी तो भार सोसत नाही. म्हणूनच महावितरण ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा असं सांगत आलं आहे. शिवाय पाइप कुठं निसटला असेल, तर माणूस नसताना पाणी भलत्याच तासात जातं. मला मोटार आपोआप सुरू करायची नव्हती, घरी बसल्या माणसाला कळवायचं होतं.

म्हणून एक जुना अँड्रॉइड फोन वावरातल्या कोठ्यात चार्जरला लावून ठेवला. लाइन आली की चार्जिंग सुरू होतं, फोनला ते कळतं आणि तो घरच्या फोनला एसएमएस पाठवतो. हे अर्ध्या तासात जमलं. घरच्या फोनच्या पडद्यावर बाबांना ते वेळेवर दिसावं यासाठी मात्र पंधरा दिवस गेले. या लेखात जास्त जागा त्या पंधरा दिवसांनाच दिली आहे.

मी मॅक्रोड्रॉइड हे ॲप वापरतो. मॅक्रो म्हणजे फोनने आपोआप करायच्या कामाची आखणी. प्रत्येक मॅक्रोचे तीन भाग असतात: काय घडलं की सुरू व्हायचं तो ट्रिगर, काय करायचं ती ॲक्शन आणि कोणत्या अटीवर करायचं तो कन्स्ट्रेंट. मोफत आवृत्तीत मॅक्रोंच्या संख्येला मर्यादा आहे, पण या कामाला ती पुरते. मेन्यूतली नावं मी ॲपमध्ये दिसतात तशीच, उच्चाराप्रमाणे देतो आहे.

पॉप-अप कोणत्या जातीचा

पडद्यावर काही दाखवण्याचे मुख्य तीन प्रकार आहेत. निवडताना मी एकच गोष्ट विचारतो: ज्याला हे दाखवायचं, त्याचे हात त्या क्षणी कुठं असतील?

पहिला प्रकार टोस्ट. पडद्याच्या खालच्या बाजूला एक पट्टी येते आणि विरून जाते. अँड्रॉइडमध्ये तिचा वेळ ठरलेला आहे, छोटी असेल तर सुमारे 2 सेकंद, लांब असेल तर साडेतीन. तिला बोट लावता येत नाही आणि ती गेली की मागे काही उरत नाही. अँड्रॉइड 12 पासून नव्या ॲपांच्या टोस्टमध्ये दोनच ओळी मावतात. मॅक्रोड्रॉइडमध्ये याच जातीचं काम 'पॉपअप मेसेज' ही ॲक्शन करते आणि टास्कर या अशाच दुसऱ्या ॲपमध्ये 'फ्लॅश'.

मी सुरुवात यानेच केली. चाचणी घेतली तर पट्टी झकास दिसली, कारण मी पडद्याकडे बघत होतो. बाबा बैलांना कुटार टाकत होते आणि फोन खिशात होता. दुसऱ्या दिवशी फोन त्यांच्या हातात देऊन पुन्हा दाखवलं, तर म्हणाले, "ते आलं अन् गेलं, मी काय वाचू त्याच्यात?" चष्मा काढायलाच त्यांना साडेतीन सेकंदांपेक्षा जास्त लागतात. तेव्हापासून टोस्ट मी फक्त माझ्यासाठी वापरतो, मॅक्रो बांधताना कोणती पायरी पार पडली ते बघायला. त्या कामाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

दुसरा प्रकार नोटिफिकेशन. ते वरच्या पट्टीत जाऊन बसतं आणि माणूस मोकळा होईस्तोवर वाट बघतं. त्याचं महत्त्व 'हाय' ठेवलं तर येताना पडद्यावर वरून खाली डोकावतंही. ही सोय अँड्रॉइड 5 पासून आहे. उशिरा वाचलं तरी चालेल अशा सगळ्या बातम्या इथं टाकाव्यात.

तिसरा प्रकार डायलॉग. पडद्याच्या मधोमध चौकट येते आणि बटण दाबेपर्यंत हलत नाही. मॅक्रोड्रॉइडमध्ये 'ऑप्शन डायलॉग' घेतला की मजकुराखाली आपली बटणं देता येतात, आणि कोणतं बटण दाबलं त्यावर पुढचं काम ठरवता येतं. माणसाचं काम अडवणारा हा प्रकार आहे, म्हणून तो जपून वापरावा. आमच्या घरी दिवसाला एकच डायलॉग येतो, लाइन आल्याचा. लाइन गेल्याचं नोटिफिकेशन येतं, कारण मोटार तशीही बंद पडलेली असते आणि धावत जाण्यासारखं काही नसतं.

वावरातला फोन

हा भाग थोडक्यात सांगतो, पण विजेचं काम आहे म्हणून आधी इशारा. चार्जर नुसता एका फेजवर लावला, तर दोन फेज गेल्या असतानाही फोन लाइन आली म्हणून सांगेल आणि माणूस रिकामी खेप घालेल. यावर उपाय म्हणजे वायरमनकडून फेज फेल्युअर रिले बसवून घेणे आणि चार्जरचा सॉकेट त्या रिलेच्या मागे घेणे. तिन्ही फेज नीट असतील तेव्हाच सॉकेटला वीज मिळते. हे काम स्वतः करू नका.

फोन स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. बहुतेक फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा 45 च्या आसपास जातो. माझा पहिला फोन तिथंच फुगला. आता तो कोठ्यात, भिंतीच्या कोनाड्यात असतो. बॅटरी फुगलेली दिसली की तो फोन त्याच दिवशी काढून घ्या.

मॅक्रो असा:

1. ट्रिगरमध्ये 'पॉवर कनेक्टेड' निवडा.
2. पहिली ॲक्शन 'वेट', 60 सेकंद. लाइन येताना दोन-चारदा झपकते, आणि प्रत्येक झपक्याला एसएमएस गेला तर दिवसाचे एसएमएस तासाभरात संपतील. थोड्या वेळात फार एसएमएस जाऊ लागले तर अँड्रॉइड स्वतःच अडवून परवानगी विचारतो, आणि कोठ्यात ती द्यायला कुणी नसतं.
3. मग 'इफ' (जर) घालून तपासा की फोन अजूनही चार्जिंगवर आहे.
4. असेल तर घरच्या नंबरला एसएमएस: 'लाइन आली' आणि त्यापुढे वेळ. वेळ हाताने लिहायची नाही. मजकुराच्या चौकटीशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की मॅजिक टेक्स्टची, म्हणजे फोन त्या क्षणी स्वतः भरतो अशा मजकुराची यादी उघडते, तिच्यातून तास आणि मिनिटं घ्या.

असाच दुसरा मॅक्रो 'पॉवर डिसकनेक्टेड' वर, 'लाइन गेली' हा मजकूर घालून. इथं 'वेट'मध्ये अलार्म वापरण्याची खूण करा. चार्जर सुटून पडदा बंद असला की फोन झोपी जातो, आणि त्याचे 60 सेकंद दहा मिनिटांचेही होऊ शकतात.

एसएमएसच का? कारण आमच्या कोठ्यात इंटरनेटची रेंज टिकत नाही, एसएमएस मात्र एका दांडीवरही जातो. आणि तो मराठीतच पाठवा. आधी मी आकड्यांचा संकेत ठेवला होता, 1001 म्हणजे आली आणि 1002 म्हणजे गेली. मग एकदा घरच्या फोनवरचा मॅक्रो बंद पडला आणि आईला 1001 एवढाच एसएमएस दिसला. तिला त्यातून काय कळणार? देवनागरी एसएमएसच्या एका भागात 70 अक्षरं मावतात, रोमनमध्ये 160. 'लाइन आली 16:10' हा मजकूर 70 च्या कितीतरी आत आहे, आणि मॅक्रो मेला तरी वाचणाऱ्याला कळतो.

घरच्या फोनच्या परवानग्या

बहुतेकांचा पॉप-अप इथंच अडतो. मॅक्रो चालतो, नोंदीत दिसतो आणि पडद्यावर काहीच येत नाही.

सेटिंग्जमधल्या विशेष परवानग्यांत 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' शोधा आणि मॅक्रोड्रॉइडसाठी चालू करा. अँड्रॉइड 10 पासून मागे चालणारं ॲप स्वतःहून पडद्यावर खिडकी उघडू शकत नाही, आणि ही परवानगी असलेल्या ॲपला त्यातून सूट आहे. डायलॉगचं सगळं काम या एका खुणेवर चालतं.

अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनलाही वेगळी परवानगी लागते. ॲप पहिल्यांदा उघडताना चौकट आली आणि घाईत 'डोन्ट अलाउ' दाबलं गेलं असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ती हाताने द्या.

शाओमी, रेडमी आणि पोकोच्या फोनांत ॲपच्या माहितीत 'अदर परमिशन्स' म्हणून वेगळं पान असतं. तिथं 'डिस्प्ले पॉप-अप विंडोज व्हाइल रनिंग इन द बॅकग्राउंड' आणि 'शो ऑन लॉक स्क्रीन' या दोन्ही खुणा करा. 'ऑटोस्टार्ट'ही चालू करा, म्हणजे फोन बंद-चालू केल्यावर मॅक्रो पुन्हा उभे राहतात.

बॅटरीच्या पानावर मॅक्रोड्रॉइडला 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' करा. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, अर्थ एकच.

ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. बाहेरून टाकलेल्या ॲपांना अँड्रॉइड 13 पासून काही संवेदनशील परवानग्या सहज मिळत नाहीत. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुसऱ्या ॲपवर खिडकी दाखवण्याची, म्हणजे 'डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स' ही परवानगी फार ताकदीची आहे. बँकेच्या ॲपवर खोटी खिडकी ठेवून पिन काढून घेणारे याच परवानगीचा वापर करतात. सरकारी योजनेच्या किंवा बँकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीकेने (ॲप टाकण्याच्या फाइलने) ही परवानगी मागितली, तर ती देऊ नका आणि ते ॲप लगेच काढून टाका. घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये ही यादी उघडून कोणाकोणाला परवानगी दिली आहे ते एकदा बघाच.

घरचा मॅक्रो

ट्रिगर 'एसएमएस रिसीव्ह्ड'. पाठवणारा म्हणून वावरातल्या फोनचा नंबर द्या, आणि मजकुरात 'लाइन आली' असेल तरच, अशी अट घाला. दोन्ही हवं. नुसता मजकूर ठेवला तर गावच्या ग्रुपमधल्या कुणाच्याही एसएमएसवर चौकट उघडेल, आणि नुसता नंबर ठेवला तर लाइन गेल्यावरही.

माझे दोन दिवस इथं वाया गेले, म्हणून जवळून दाखवतो. वावरातल्या फोनमध्ये मी 'लाईन' लिहिलं होतं, दीर्घ ई घालून. घरच्या फोनमध्ये अट लिहिताना 'लाइन' लिहिलं, ऱ्हस्व. आपण दोन्ही सारखंच वाचतो, फोन मात्र अक्षर अन् अक्षर जुळवतो. एसएमएस येत होता आणि मॅक्रो ढिम्म. तेव्हा हा शब्द दुसऱ्यांदा टाइप करूच नका. आलेल्या एसएमएसमधून कॉपी करून अटीच्या चौकटीत पेस्ट करा.

आता ॲक्शनचा क्रम:

पहिली 'स्क्रीन ऑन'. पडदा बंद असताना उघडलेली चौकट कुणी बघत नाही.

दुसरी 'स्पीक टेक्स्ट', म्हणजे फोन बोलून सांगतो. मजकूर 'वावरात लाइन आली'. गूगलच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज आहे. सेटिंग्जमध्ये भाषा मराठी करून तो आधी वायफायवर किंवा चांगल्या रेंजमध्ये उतरवून घ्या. आवाजाचा मार्ग 'अलार्म' निवडा. फोन सायलेंटवर असला किंवा 'डू नॉट डिस्टर्ब' लावलेलं असलं, तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये अलार्मचा आवाज येतो. बाबांना खरं जागं करतो तो हाच आवाज. जाग आल्यावर हातात फोन घेतला की काय झालं ते सांगायला डायलॉग पडद्यावर थांबलेला असतो. एकट्या आवाजावर किंवा एकट्या चौकटीवर मी विसंबत नाही.

तिसरी 'ऑप्शन डायलॉग'. शीर्षक 'मोटार'. मजकुरात मॅजिक टेक्स्टमधून आलेला एसएमएस जसाच्या तसा घ्या, म्हणजे 'लाइन आली 16:10' हीच ओळ दिसेल. इथं घरच्या फोनची वेळ वापरू नका. रेंज नसली की एसएमएस तासभर अडकतो, आणि मग पाच वाजता उघडलेली चौकट लाइन पाचला आल्याचं सांगते. लाइनच्या आठ तासांच्या पाळीतला एक तास आधीच गेला आहे हे कळतच नाही.

बटणं दोनच ठेवा. आमच्याकडे एक 'मी जातो' आणि दुसरं 'भावाला सांग'. 'मी जातो' दाबलं की भावाला एसएमएस जातो, 'बाबा निघाले'. 'भावाला सांग' दाबलं की 'लाइन आली, तू जा' असा जातो. याआधी दोघंही निघायचे आणि धुऱ्यावर भेट व्हायची, किंवा दोघंही दुसरा गेला असेल म्हणून घरीच थांबायचे. सगळ्या खटाटोपातला हा भाग घरच्यांना सर्वांत जास्त आवडला.

शेवटी कन्स्ट्रेंट. कुणी फोनवर बोलत असताना किंवा पैसे पाठवण्याचं ॲप समोर उघडं असताना डायलॉग नको. पिन टाकताना मध्येच चौकट आली तर माणूस घाबरतो, आणि काही बँकांची ॲपं वर दुसरी खिडकी दिसली की कामच थांबवतात. पण नुसती अट घातली की त्या वेळचा पॉप-अप बुडतो. म्हणून अट पूर्ण मॅक्रोला न लावता डायलॉगपुरती 'इफ'मध्ये घाला, आणि 'एल्स'मध्ये (नाहीतर) महत्त्वाचं नोटिफिकेशन ठेवा.

चौकटीत काय लिहायचं

माझा पहिला मजकूर असा होता: 'सूचना: आपल्या शेतातील वीजपुरवठा पूर्ववत झालेला आहे. कृपया नोंद घ्यावी.' बाबांनी तो संपूर्ण वाचला आणि विचारलं, "मंग काय करू?" आताचा मजकूर: 'लाइन आली 16:10'. खाली बटण, 'मी जातो'. काय झालं, कधी झालं आणि पुढं काय करायचं, इतकं पुरे. घरात जो शब्द बोलतात तोच लिहा. आमच्याकडे कुणी वीजपुरवठा म्हणत नाही.

अक्षर लहान वाटत असेल तर मॅक्रोत शोधत बसू नका. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये फॉन्टचा आकार वाढवा, डायलॉगही मोठा होतो.

तरीही दिसत नसेल तर

आधी ट्रिगर सोडून फक्त ॲक्शन तपासा. मॅक्रोतल्या डायलॉगवर बोट ठेवलं की येणाऱ्या यादीतून तेवढीच ॲक्शन चालवून बघता येते. ती दिसली तर परवानग्या ठीक आहेत आणि दोष ट्रिगरमध्ये आहे. नंतर ॲपमधला 'सिस्टिम लॉग' उघडा. तिथं मॅक्रो सुटल्याची नोंदच नसेल तर एसएमएसची अट जुळलेली नाही. नोंद असेल आणि पडदा कोराच असेल, तर बॅटरी किंवा 'अदर परमिशन्स'चं पान पुन्हा बघा. माझ्या एका फोनमध्ये सिस्टिम अपडेटनंतर बॅटरीची खूण पूर्ववत झाली होती, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर मी ती तपासतो.

पडदा चालू असताना चौकट दिसते आणि बंद असताना नाही, तर लॉक स्क्रीनची परवानगी राहिली आहे.

नोटिफिकेशन येतं पण डोकावत नाही, याचं कारण बहुधा चॅनेल. अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक नोटिफिकेशन एखाद्या चॅनेलमधून येतं, आणि चॅनेल एकदा तयार झाला की त्याचं महत्त्व ॲपला वाढवता येत नाही, फक्त फोनच्या मालकाला वाढवता येतं. मॅक्रोत कितीही बदल केले तरी उपयोग नाही. ते नोटिफिकेशन दाबून धरा आणि तिथूनच त्याचं महत्त्व वाढवा. अँड्रॉइड 14 पासून न हटणारी नोटिफिकेशनंही बोटाने सरकवून घालवता येतात, तेव्हा ते तिथं टिकून राहील या भरवशावर काही ठेवू नका.

टास्कर वापरणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा. तिथं टोस्टला 'फ्लॅश', नोटिफिकेशनला 'नोटिफाय' आणि बोलण्याला 'से' ही ॲक्शन आहे, आणि परवानग्या त्याच. आयफोनच्या शॉर्टकट्समध्ये 'शो नोटिफिकेशन' आणि 'शो अलर्ट' आहेत, पण आमच्या गावात ते करून बघायला आयफोनच नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

गप्प फोनचं काय

एक उणीव मला महिन्याभराने कळली. एका रात्री पॉप-अप आला नाही, म्हणून आम्ही निवांत झोपलो. सकाळी बाजूच्या वावरातले काकाजी म्हणाले, लाइन तर रात्रभर होती. उंदराने चार्जरची वायर कुरतडली होती आणि कोठ्यातला फोन बंद पडला होता. लाइन नाही म्हणून गप्प आहे की फोन मेला म्हणून, हे घरून कळायला मार्गच नव्हता.

आता वावरातल्या फोनमध्ये आणखी दोन मॅक्रो आहेत. बॅटरी 20 टक्क्यांवर आली की तो 'कोठ्यातला फोन उतरला' असा एसएमएस करतो. आणि रोज सकाळी 7 वाजता 'कोठा ठीक' असे दोन शब्द आणि बॅटरीचा आकडा पाठवतो. घरच्या फोनवर त्याचं साधं, आवाज न करणारं नोटिफिकेशन होतं. चहा पिताना बाबा ते बघून सरकवून टाकतात. साडेसातपर्यंत ते आलं नाही, तर मी गाडी काढून कोठ्यावर जाऊन येतो.